कुंचल्याचे टोक आणि अवधान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात अमूर्त चित्रांविषयी लिहिताना, काही चित्रकारांनी चिनी सुलेखनाकडून ध्यानाची रीत घेतली, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यालाच देणे भाग आहे. सर्व पत्रांना स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्याने पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : ब्राइस मार्डन या अमेरिकी चित्रकाराच्या 'कोल्ड माउंटन' मालिकेतील चित्रांची छायाचित्रे मी पाहिली. माझा मुलगा म्हणतो, ही चिनी अक्षरे आहेत. मला तर तो मांजराने विस्कटलेला लोकरीचा गुंडा वाटला. आम्हां दोघांपैकी कोणाचे बरोबर? (एक निवृत्त शिक्षिका, नाशिक)

आपण दोघेही अर्धे बरोबर आहात, आणि आपले अर्धे थोडे अधिक बरोबर आहे, कारण त्या चित्रांत वाचता येईल असे एकही चिनी अक्षर नाही. मात्र तो गुंता अक्षरांपासूनच सुरू झालेला आहे. मार्डन (1938–2023) आधी एकरंगी, सपाट पृष्ठांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होता. 1984 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जपानी सुलेखनाचे एक मोठे प्रदर्शन त्याने पाहिले आणि त्यानंतर त्याच्या कामात रेषा शिरली. पुढे हानशान या थांग राजवटीच्या (सातवे ते दहावे शतक) काळातील विरक्त चिनी कवीच्या कविता त्याच्या हाती आल्या. हानशान या शब्दाचाच अर्थ 'थंड डोंगर'. हा कवी चच्यांग प्रांतातील थ्येनथाय डोंगरात राहत असे आणि आपल्या कविता झाडांच्या खोडांवर, कड्यांवर व घरांच्या भिंतींवर लिहून ठेवीत असे, अशी आख्यायिका आहे. मार्डनजवळच्या पुस्तकात इंग्रजी अनुवादाबरोबर मूळ चिनी मजकूरही छापलेला होता. त्याला चिनी वाचता येत नव्हते, त्यामुळे अर्थाआधी त्याला दिसला तो मजकुराचा साचा : बहुतेक कविता आठ ओळींच्या, ओळीत पाच अक्षरे, आणि उभ्या रांगा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या.

1989 ते 1991 या काळात त्याने या मालिकेची सहा मोठी चित्रे केली. प्रत्येकाची उंची नऊ फूट आणि रुंदी बारा फूट आहे. तो उजव्या वरच्या कोपऱ्यापासून खाली येत अक्षरांसारख्या आकृत्यांच्या रांगा मांडी आणि मग त्या आकृत्या एकमेकींना जोडत जाई. या जोडण्यातच अक्षर हरवते आणि जाळे तयार होते. कागदावरच्या रेखनांसाठी तो झाडाच्या वाळक्या काटक्या शाईत बुडवून वापरी, आणि कॅनव्हासवर लांब दांड्यांच्या कुंचल्यांनी, दूर उभा राहून काम करी. लांब काटकी हाताचे ऐकत नाही, टोकाशी थोडी थरथरते, म्हणून ती प्रत्येक क्षणी सांभाळावी लागते. ही अडचण त्याने मुद्दाम ओढवून घेतलेली होती.

तेव्हा पुढच्या वेळी ते चित्र पाहाल तेव्हा अक्षर शोधू नका. उजव्या वरच्या कोपऱ्यातली एक रेषा डोळ्यांनी पकडा आणि ती जाईल तिकडे तिच्याबरोबर जा. वाटेत खरवडून पुसलेल्या जुन्या रेषांच्या फिकट सावल्या लागतील, तेथेही थांबा. चित्रकाराने रेषेला जितका वेळ दिला त्याचा एक अंश तरी पाहणाऱ्याने दिला, तर लोकरीचा गुंडा उलगडू लागतो. छायाचित्रात हे फारसे साधत नाही, हेही खरे.

प्रश्न : मी मागच्या वर्षी 'ध्यानचित्र' नावाच्या एका कार्यशाळेत गेलो होतो. तेथे डोळे मिटून बसायला लावले, मग 'मन रिकामे करा आणि हात जाईल तिकडे जाऊ द्या' असे सांगितले. माझ्याकडून निव्वळ रेघोट्या झाल्या. शिकवणाऱ्यांनी सांगितले की चिनी सुलेखनकार असेच काम करतात. हे खरे आहे का? (एक अभियंता, पुणे)

नाही. आपल्या पत्राचा सूर जरा चिडलेला आहे आणि तो रास्त आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

चिनी सुलेखनात हाताला मोकळे सोडण्याआधी अनेक वर्षे तो बांधून घेतलेला असतो. शिकणाऱ्याच्या पहिल्या पाठांपैकी एक म्हणजे 'योंग' हे अक्षर. त्याचा अर्थ 'शाश्वत', पण ते निवडण्याचे कारण अर्थ हे नसून, ठिपका, आडवी, उभी, गळासारखा आकडा, निरनिराळे तिरके फटकारे असे लेखनातले आठ मूलभूत फटकारे त्या एकाच अक्षरात येतात, हे आहे. त्यानंतर जुन्या गुरूंच्या लेखनाची नक्कल सुरू होते आणि तिच्या दोन पायऱ्या असतात. पहिलीत नमुन्यावर पातळ कागद ठेवून त्यावरून हात फिरवायचा. दुसरीत नमुना शेजारी ठेवून, तो पाहून लिहायचा. आपल्याकडे पाटीवर अक्षरे गिरवलेल्या आणि कित्ता काढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आपण चौथीत कित्ता सोडला आणि तेथील सुलेखनकार सत्तराव्या वर्षीही तो काढतात.

आता साधनांकडे पाहा, कारण ध्यान नेमके कोठे घडते हे साधनांवरूनच कळते. काजळी आणि प्राणिज सरस यांपासून केलेली शाईची कांडी असते. ती दगडी दौतीवर थोड्या पाण्यात, सहाणेवर चंदन उगाळावे तशी उगाळायची. घाई केली तर शाई खरखरीत उतरते. कुंचल्याचे केस शेळीचे असतील तर तो मऊ पडतो आणि वीझल या मुंगसासारख्या प्राण्याचे असतील तर ताठ राहतो. तो कागदाशी काटकोनात, उभा धरायचा. मोठी अक्षरे लिहिताना मनगट आणि कोपर टेबलाला टेकवायचे नाही, म्हणजे हालचाल बोटांतून न येता खांद्यातून येते. फटकारा चालू असताना कुंचल्याचे टोक रेषेच्या मध्यातून जात राहिले पाहिजे, हा मूळ नियम. टोक कडेला सरकले की रेषेची एक बाजू सपाट आणि दुर्बळ दिसते.

आणि मग कागद. आन्हुई प्रांतात होणारा श्वान कागद एका विशिष्ट झाडाच्या सालीच्या व भाताच्या पेंढ्याच्या लगद्यापासून करतात. त्याचा बिनखळीचा प्रकार शाई क्षणात शोषून घेतो. कुंचला थबकला की तेथे डाग पसरतो. वेग वाढला की केसांमधून कागदाचे पांढरे पट्टे दिसतात, ज्यांना 'उडते पांढरे' असे सुंदर नाव आहे. एकदा ओढलेली रेषा दुरुस्त करता येत नाही, कारण वरून फिरवलेला हात वाळल्यावर स्वच्छ दिसतो. अशा कागदासमोर मन रिकामे करून भागत नाही. कुंचल्याचे टोक आत्ता कोठे आहे, शाई किती उरली आहे, पुढचे वळण किती दूर आहे, हे सर्व एकाच वेळी ठाऊक असावे लागते, पण त्याचा विचार करत बसायला वेळ नसतो. या अवस्थेला मी 'अवधान' म्हणेन. कीर्तनकार श्रोत्यांकडे जे मागतो ते हेच, आणि त्याचा मन शांत वाटण्याशी संबंध असलाच तर दुय्यम आहे.

थांग काळातील सुलेखनकार ल्यू कोंगछुवान याला सम्राटाने चांगले कसे लिहावे असे विचारले, तेव्हा त्याने मन सरळ असेल तर कुंचला सरळ राहतो असे उत्तर दिले, अशी कथा सांगतात. ती राजाला दिलेली कानपिचकी होती असेही मानतात, पण सुलेखनाच्या वर्गात ते वाक्य शब्दशः खरे आहे.

कार्यशाळेत आपल्याला जे सांगितले गेले त्याचे मूळ बहुधा 'उन्मत्त' शीघ्रलिपीच्या, म्हणजे अक्षरे वेगाने एकमेकांत ओढत नेणाऱ्या लेखनशैलीच्या, कथांत असावे. आठव्या शतकातील चांग श्यू मद्याच्या अमलाखाली लिहीत असे आणि प्रसंगी आपले केसच शाईत बुडवून लिही, असे सांगितले जाते. त्याच परंपरेतला ह्वायसू हा बौद्ध भिक्षू. त्याने 777 साली लिहिलेले आत्मकथनाचे भेंडोळे तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे आणि त्यातील काही अक्षरे खरोखरच वादळात सापडल्यासारखी दिसतात. परंतु याच ह्वायसूविषयी दुसरीही कथा आहे : कागद परवडत नसल्यामुळे त्याने केळीची झाडे लावली आणि त्यांच्या पानांवर सराव केला. पहिली कथा सर्वांना आवडते, दुसरी कार्यशाळेत सांगत नाहीत.

यावर आपण म्हणाल की मग उत्स्फूर्ततेला जागा कोठे? ती आहे, आणि तिचे सर्वांत नावाजलेले उदाहरण वांग शीची या सुलेखनकाराचे आहे. 353 साली शाओशिंगजवळ ओढ्याकाठी मित्रांचा मेळावा भरला होता. मद्याचे प्याले पाण्यावर सोडायचे आणि ज्याच्यापुढे प्याला थांबेल त्याने कविता करायची, असा खेळ चालला होता. त्या कवितांना वांग शीचीने तेथल्या तेथे प्रस्तावना लिहिली. तिच्यात 'चृ' हे अगदी साधे अक्षर वीसेक वेळा येते आणि दर वेळी वेगळ्या वळणाने येते. दुसऱ्या दिवशी त्याने तोच मजकूर पुन्हा पुन्हा लिहून पाहिला, पण तसा उतरला नाही, असे म्हणतात. मूळ कागद आज अस्तित्वात नाही आणि जे आहे ते सारे नकलांच्या रूपाने आहे. म्हणजे जी गोष्ट स्वतः लिहिणाऱ्याला पुन्हा करता आली नाही, तिचा कित्ता पुढच्या पिढ्या शतकानुशतके काढत आल्या. मला यातला विरोधाभास फार मोलाचा वाटतो. उत्स्फूर्तता मागून मिळत नाही, पण सरावलेल्या हाताकडे ती अधूनमधून येते, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

आपल्या रेघोट्या वाईट नव्हत्या. त्यांच्यामागे कित्ता नव्हता, इतकेच.

प्रश्न : पाश्चात्त्य अमूर्त चित्रकारांनी चिनी सुलेखनाची केवळ नक्कल केली, असा आरोप वाचला. तो कितपत खरा आहे? (कलाशाखेचा विद्यार्थी, कोल्हापूर)

हा प्रश्न सरसकट सोडवता येत नाही, कारण प्रत्येकाची गोष्ट निराळी आहे. फ्रान्झ क्लाइन (1910–1962) याची पांढऱ्यावरची प्रचंड काळी चित्रे पाहून सर्वांनाच पूर्वेकडचे सुलेखन आठवले. 1951 मध्ये निघालेल्या 'बोकुबी' या जपानी सुलेखन-मासिकाने पहिल्याच अंकात त्याचे चित्र छापले. क्लाइनने स्वतः मात्र हे नाते नाकारले, आणि त्याचे कारण तांत्रिक व पटण्याजोगे होते : सुलेखनात पांढरा हा कोरा राहिलेला कागद असतो, तर तो काळ्याइतकाच पांढराही रंगवीत असे, अनेकदा काळ्याच्या कडांवर चढवीत असे. शिवाय एका दमात ओढल्यासारखे दिसणारे त्याचे फटकारे पुष्कळदा टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर केलेल्या छोट्या आराखड्यांवरून मोठे केलेले असत. साम्य दिसते तेथे नाते असेलच असे नाही, हे क्लाइनकडून शिकावे.

मार्क टोबी (1890–1976) याचे नाते मात्र खरे आहे. 1920च्या दशकात सिएटलमध्ये तंग क्वे या चिनी चित्रकाराकडून त्याने कुंचला धरायला शिकून घेतले. झाड हे घन वस्तू म्हणून न पाहता गती म्हणून पाहता येते, ही जाणीव त्याला तेथे झाली. 1934 मध्ये तो शांघायला तंगकडे गेला आणि नंतर जपानमधील क्योतोच्या एका झेन मठात (झेन हा ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ) काही आठवडे राहिला. तेथे त्याला ध्यानासाठी शाईने काढलेले एक वर्तुळ देण्यात आले होते. परत आल्यावर, इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या डार्टिंग्टन या शांत खेड्यात, 1935च्या सुमारास त्याच्या हातून पांढऱ्या रेषांचे दाट जाळे उमटू लागले. गंमत अशी की त्या जाळ्यात बांबू किंवा डोंगर नव्हते, तर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरचे दिवे आणि गर्दी होती. पुढे ही शैली 'शुभ्र लेखन' म्हणून ओळखली गेली. काळी शाई पांढऱ्या कागदावर, हा सुलेखनाचा क्रम त्याने उलटा केला. नक्कल करणारा माणूस असे करत नाही. टोबी बहाई पंथाचा होता आणि ध्यान हा त्याच्या नित्याच्या उपासनेचा भाग होता, हेही येथे ध्यानात घ्यावे.

उलट दिशेचे उदाहरण झाओ वू-की याचे आहे. बीजिंगमध्ये 1920 साली जन्मलेला आणि हांगचौमध्ये शिकलेला हा चित्रकार 1948 मध्ये पॅरिसला गेला. सुलेखन त्याला घरातच, आजोबांकडून मिळाले होते, आणि नेमके तेच त्याने अनेक वर्षे दूर ठेवले, कारण आपल्याकडून 'चिनी' नमुनेदार चित्रांची अपेक्षा केली जाईल ही भीती त्याला होती. 1950च्या दशकाच्या मध्याला त्याच्या तैलचित्रांत प्राचीन चिनी अस्थिलेखांतील, म्हणजे हाडांवर कोरलेल्या लेखांतील, चिन्हे डोकावू लागली, मग ती विरघळली आणि तो चित्रांना नावाऐवजी केवळ तारीख देऊ लागला. शाईकडे तो परतला तो 1970च्या दशकाच्या सुरुवातीला, पत्नीच्या आजारपणाच्या काळात, जेव्हा मोठी तैलचित्रे करण्याइतकी उसंत आणि मनःस्थिती नव्हती. कवी-चित्रकार आंरी मिशो या मित्राने त्याला त्यासाठी उत्तेजन दिले. पत्नी 1972 मध्ये वारली. ती शाईची चित्रे मला त्याच्या भव्य तैलचित्रांहून अधिक जवळची वाटतात, पण ही माझी आवड झाली.

प्रश्न : आपले गायतोंडे या परंपरेत बसतात का? (एक वाचक, मडगाव)

'आपले' हा शब्द गोव्याहून यावा हे योग्यच आहे, कारण अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म 1924 मध्ये नागपूरला झाला असला तरी घराणे गोव्याचे. परंतु माझे उत्तर, थोडे अप्रिय वाटले तरी, 'सुलेखनाच्या परंपरेत नाही' असे आहे. झेन विचारांची ओढ त्यांना होती आणि 'झेन' हा शब्दच संस्कृत 'ध्यान' चिनीत 'छान' होऊन जपानला पोहोचल्यावर झालेला आहे. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कलाही गेले. पण त्यांची ओळख ठरलेली तैलचित्रे रूळ (रंगाचा रोलर) आणि पॅलेट-सुरी यांनी झालेली आहेत. रूळ हाताचे वळण पुसून टाकतो. सुलेखनात जे सर्वस्व आहे, म्हणजे हाताचा वेग, दाब, थबकणे, ते सारे त्यांनी पृष्ठाखाली बुडवले. सुलेखनकार वर्षानुवर्षे तयारी करतो आणि क्षणात लिहितो. गायतोंडे दीर्घकाळ नुसते बसत, वर्षाकाठी पाच-सहा चित्रे करीत, आणि थर चढवणे व उचलणे यांतून चित्र हळूहळू वर येऊ देत. दोन्हींत अवधान आहे, पण एक फटकाऱ्याचे आणि दुसरे प्रतीक्षेचे.

एक अपवाद मात्र नोंदवला पाहिजे. 1984 मधील अपघातानंतर मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे त्यांना अवघड झाले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान रेखने केली, आणि त्यांत कोणत्याही लिपीची नसलेली अक्षरे असावीत असे आकार दिसतात. झाओप्रमाणे त्यांनाही शाईशी परिस्थितीने आणून भिडवले, हा योगायोग मला अनेकदा आठवतो.

प्रश्न : मला चिनी येत नाही आणि या वयात शिकणार नाही. तरीही अशा प्रकारचा सराव घरी करता येईल का? कागदाचे ढीग साठतात, त्याचे काय करावे? (एक गृहिणी, सोलापूर)

करता येईल, पण चिनी अक्षरांची चित्रासारखी नक्कल करू नये. फटकाऱ्यांचा क्रम माहीत नसताना काढलेले अक्षर जाणकाराला लगेच ओळखू येते आणि आपल्यालाही त्यातून काही मिळत नाही. आपण देवनागरी लिहीत आलात, तेच वापरा. बोरूचा हात असेल तर उत्तम, मात्र बोरूची रेषा धरण्याच्या कोनामुळे जाड-बारीक होते आणि कुंचल्याची दाबामुळे होते, हा फरक सुरुवातीला त्रास देईल. मोडीची ओळख असेल तर फारच चांगले. हात शक्यतो न उचलता लिहिण्याची तिची लपेटी चिनी शीघ्रलिपीसारखीच वेगाच्या गरजेतून आलेली आहे. सुरुवातीचे काही आठवडे तर अक्षरही नको. एक आडवी रेघ घ्या. कुंचला टेकवा, क्षणभर थांबा, उजवीकडे जा, शेवटी टोक किंचित मागे वळवून उचला. ही रेघ दोन्ही टोकांना गोलसर आणि मध्ये सबळ आली पाहिजे. पानभर रेघांत एखादीच तशी येते. ती कोणती हे आपले आपल्याला ओळखू येऊ लागले की अक्षराकडे वळावे, आणि अक्षर मोडून केवळ आकाराकडे जाण्याची घाई तर मुळीच करू नये.

महागडा चिनी कागद लागत नाही. गोल, टोकदार, जाडसर कुंचला, बाटलीतली काळी शाई आणि वर्तमानपत्राची रद्दी यांवर पहिले वर्ष निघते.

साठलेल्या कागदांबद्दल सांगायचे तर चीनमध्ये झिजलेल्या कुंचल्यांचीसुद्धा कथा सांगतात : वांग शीचीचा वंशज असलेल्या चृयोंग या भिक्षूने आपल्या वापरून झिजलेल्या कुंचल्यांची टोके टोपल्यांत साठवली आणि शेवटी ती पुरून त्यांवर समाधी बांधली. आपल्याला तसे करण्याचे कारण नाही. बीजिंगच्या बागांमधून सकाळी वृद्ध माणसे दांड्याला बांधलेला स्पंजाचा मोठा कुंचला पाण्यात बुडवून फरसबंदीवर जुन्या कविता लिहिताना दिसतात. लिहिलेले काही मिनिटांत वाळून जाते आणि त्याच फरशीवर पुन्हा लिहिता येते. सोलापूरकडे घरोघरी शहाबादी फरशी असते. तिच्यावर पाण्याची रेघ काळीभोर उमटते आणि दाब कोठे कमी पडला तेही लख्ख दिसते. फक्त एप्रिल-मेमध्ये हा सराव उन्हे चढायच्या आत उरकावा, नाही तर ओळ पूर्ण होण्याआधीच तिचे पहिले अक्षर वाळलेले असेल.